खालाच्या आजोबांचा प्रश्न

मी लबाडी केली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझी बाजू घ्यायला नको. एका म्हातारीला तिचे आजोबा सापडत होते आणि मी ते पान झाकलं.

लग्न होऊन रत्नागिरीकडून आले ती थेट कुवेतला, अब्बासियात. एका फ्लॅटमध्ये तीन बिऱ्हाडं, शेगडीवरून रोजची भांडणं, बाथरूमसमोर रांग. तेव्हा म्हणायचे, या अल्ला, एक दिवस तरी मला एकटी ठेव. ठेवलं की त्यानं! आता बनेद अल-गारमध्ये दोन खोल्या, समुद्र चार पावलांवर, आणि घरात बोलायला भिंती. आमचे हे लांब शुऐबाला, कारखान्यात कामाला. पहाटे कंपनीची बस यायची, ते परत यायचे ते अंधार पडता पडता, तेही जांभया देत. मुलगा कॅनडात. फोनवर मी मराठीत पाव तास बोलायचे आणि तो म्हणायचा, ‘ओके मम्मी, टेक केअर.’ एकदा तर भाजीवाला मलबारी ‘और क्या चाहिए’ म्हणाला आणि मला रडूच आलं. कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

वरच्या मजल्यावर खाला राहायची. तुर्की बाई, ऐंशी कधीच ओलांडलेली. तिची मुलगी इथल्या शाळेत शिकवायची, दिवसभर बाहेर. लिफ्टमध्ये आमची ओळख झाली. तिला हिंदी येत नव्हतं, मला तुर्की नाही. दोघींना बाजारातलं अरबी येत होतं, तेवढ्यावर भागलं. मी तिला खाला म्हणायचे, म्हणजे मावशी, ती मला बिंती, म्हणजे पोरी. एकावन्न वर्षांची पोर!

एकदा तिनं कपाटातून एक जाडजूड बांधीव पुस्तक काढलं. पानं पिवळी, कडा उंदरांनी खाल्लेल्या. ते जुन्या तुर्कस्तानातलं विज्ञानाचं मासिक होतं, बारा अंक एकत्र शिवलेले. शंभर वर्षांपूर्वीचं तरी असेल. तिचे आजोबा डोंगरातल्या एका गावात मास्तर. गावात हे मासिक फक्त त्यांच्याकडे यायचं. ते कहवाखान्यात बसून मोठ्यानं वाचायचे आणि सगळा गाव ऐकायचा. वीज कशी पडते, माशीच्या पायाला काय चिकटतं, साबण कसा करायचा, सगळं गावाला त्यांच्याच तोंडून कळलं. माझ्या डोळ्यांसमोर आमचा मोहल्ला आला. आखाती देशांतून पत्र आलं की मास्तरांच्या ओटीवर वाचलं जायचं आणि पत्र ज्याचं असेल तो सोडून सगळे त्यावर बोलायचे.

‘आई सांगायची, आजोबांनी मासिकाला एक प्रश्न विचारला होता आणि तो छापून आला होता,’ खाला म्हणाली. ‘या बारा अंकांतच कुठेतरी. मला तो बघायचाय. जूनमध्ये मुलीची नोकरी संपते, आम्ही कायमचे तुर्कस्तानला जाणार. ती म्हणते, हे ओझं विमानात नेणार नाही.’

‘मग शोधा की खाला. अडलंय कुठे?’

अडलं होतं लिपीवर. त्यांच्या देशानं अक्षरंच बदलली. जुनं सगळं अरबी अक्षरांत, आणि खाला शाळेत शिकली ती नवी, इंग्रजीसारखी अक्षरं. आजोबांचं पुस्तक मांडीवर घेऊन ती अडाण्यासारखी बसायची. मी पान बघितलं आणि म्हटलं, अगोबाई, ही अक्षरं तर मला येतात! सकाळी मराठी शाळा आणि संध्याकाळी मकतबमध्ये कुराण, असंच वाढलो आम्ही. अर्थ कुणी शिकवला नाही. अक्षर, उच्चार आणि सूर मात्र छडीनं पाठ करून घेतले.

मग काय, मी वाचायला बसले. डोक्यावर ओढणी घेतली, बोट ठेवलं आणि माझ्या नकळत तोंडातून सूर निघाला तो मकतबचाच, हेलकावे घेणारा. दुसरा सूर मला येतच नव्हता. खालानं चटकन गळ्यातला रुमाल डोक्यावर ओढला, डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले. चार ओळी झाल्या. तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि म्हातारी अशी हसत सुटली की मला वाटलं, ठसका लागून जाते आता.

‘अगं बिंती, हा शाईचा डाग काढायचा साबण आहे! लिंबू आणि मीठ!’

तोबा तोबा. मी कान धरले. साधं वाचून बघितलं तर दर शब्दाला ठेच. शेवटी खाला म्हणाली, ‘तुझ्या सुरातच वाच. अल्लाला अरबी येतं, त्याला कळेल हा साबण आहे.’ संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, पाप तर नाही ना? ते म्हणाले, ‘साबणानं कधी कुणाला पाप लागलंय का?’ आणि झोपले.

तेव्हापासून रोज दहा वाजता मी वर. मी सुरात वाचायचे, अर्थ मला शून्य. माझा उच्चार चुकला की ती तोच शब्द चार तऱ्हांनी घोळवायची आणि ‘हां!’ करून पकडायची. मग मला अरबीत सांगायची. शेपटीचा तारा, विजेची घंटा, कोंबडीशिवाय अंडी उबवणं. दोन अर्ध्या बायकांची मिळून एक शिकलेली बाई व्हायची. तिचा चहा छोट्या काचेच्या पेल्यात असायचा. पाण्याची बाटली ती कधी पूर्ण भरायची नाही, वर चार बोटं रिकामी ठेवायची. मी चिडवायचे, ‘खाला, कुवेतच्या उन्हात पाण्याची कंजुषी?’ ती म्हणायची, ‘आमच्या घरी असंच भरतात. का ते ठाऊक नाही.’ मी जिना उतरताना गुणगुणायचे. कितीतरी वर्षांनी गुणगुणत होते.

आजोबांचं नाव तिनं मला सांगितलं होतं आणि मी ते अरबी अक्षरांत कागदावर लिहून ठेवलं होतं. चौथ्या आठवड्यात, चौथ्या अंकाच्या शेवटी, वाचकांच्या प्रश्नांमध्ये ते दिसलं. नाव, गाव, शाळा. माझं बोट थांबलं. वाटलं, झालं, संपलं. प्रश्न मिळाला की म्हातारी म्हणेल, शुक्रिया बिंती, आणि उद्यापासून मी पुन्हा भिंतींशी बोलणार. मी दोन पानं एकदम उलटली आणि पुढे वाचायला लागले.

‘नाही आलं?’ तिनं विचारलं.

‘नाही खाला. पुढे बघू.’

पुढे रोज हेच. ती रोज विचारायची, मी रोज नाही म्हणायचे, आणि ती रोज दुआ द्यायची, ‘अल्ला तुझे डोळे शाबूत ठेवो.’ चोराच्या मनात चांदणं. तिनं चौथ्या अंकाकडे नुसतं बघितलं तरी मी घाईनं पुढचं वाचायला लागायचे. आपल्या आजोबांना शोधता शोधता ती माझ्यासाठी पेल्यात साखर ढवळायची, आणि मी तो चहा प्यायचे. लाज वाटायची, आणि तरी दहा कधी वाजतात म्हणून घड्याळ बघायचे. दोन्ही एकदम वाटतं माणसाला.

बारावा अंक मे महिन्यात संपला. शेवटचं पान मिटलं. मुलगी घरीच होती, खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. खालानं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

‘तूच ठेव. यात नाहीच ते. आई बिचारी गोष्टी रचायची. लहानपणी सगळं खरं वाटतं. उगीच सगळ्यांना सांगत फिरले मी आयुष्यभर.’

आता मात्र मला बसवेना. माझ्यापायी तिची मेलेली आई खोटी ठरत होती! मी चौथा अंक उघडला, पान काढलं आणि तिचं बोट धरून नावावर ठेवलं.

‘तुमची आई खरं बोलत होती, खाला. खोटी मी. मला हे केव्हाच सापडलं होतं. तुम्ही मला बोलवायचं बंद कराल म्हणून लपवलं.’

तिचं तोंड पांढरं पडलं. मुलीच्या हातातली चिकटपट्टी थांबली. मी वाट बघत होते की आता ही मला घरातून हाकलणार, आणि हाकललं असतं तर बरंच वाटलं असतं.

‘वाच,’ ती म्हणाली.

मी वाचलं. सूर तोच निघाला. खालानं रुमाल डोक्यावर घेतला आणि या वेळी हसली नाही. मग एकेक वाक्य तिनं मला अरबीत सांगितलं. आजोबांनी विचारलं होतं: हिवाळ्यात आमच्या शाळेतली पाण्याची सुरई कुणी हात न लावता तडकते. मुलं म्हणतात, जिन फोडतो, आणि भीतीनं शाळेत येत नाहीत. मी त्यांना काय सांगू? खाली उत्तर होतं: जिन नव्हे, थंडी. पाणी गोठलं की फुगतं. सुरई तोंडापर्यंत भरू नका, वर चार बोटं जागा ठेवा.

आम्ही दोघींनी एकदमच टेबलावरच्या बाटलीकडे बघितलं.

खाला रडली. मुलीला जवळ बोलावून तिनं तुर्कीत काहीतरी भराभर सांगितलं, आणि मुलीनं डोळे पुसायला माझ्याकडे पाठ केली. पुस्तक खोक्यात गेलं नाही, खालाच्या खांद्यावरच्या पिशवीत गेलं. मुलगी वजनाबद्दल एक शब्द बोलली नाही.

जायच्या दिवशी मी तिला धरून लिफ्टपर्यंत नेलं. माफी मागितली. तिनं माझ्या गालावर चापट मारली, जरा जोरातच.

‘दोन महिने आजोबांना माझ्यापासून लांब ठेवलंस. त्याचा राग आहे, राहीलही,’ ती म्हणाली. ‘पण वेडे, मी पुस्तकासाठी चहा करत होते असं वाटलं तुला? ते पहिल्या दिवशी सापडलं असतं तरी दुसऱ्या दिवशी दहाला मी चहा ठेवलाच असता.’

लिफ्टचं दार बंद झालं. मला हे कसं कळणार होतं? मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.