तक्रारभाऊंचा आवाज

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तळमजल्यावर, जिन्याखालच्या अरुंद खोलीत एक टेलिफोन होता आणि एक जाडजूड वही. फोन वाजला की आतला माणूस म्हणायचा, "पाणीपुरवठा, तक्रार विभाग, बोला." आणि पलीकडून हमखास यायचं, "मॅडम, सकाळपासून थेंब नाही हो आमच्याकडे!"

मॅडम म्हणजे तक्रारभाऊ. वय बावन्न, कानशिलांवरचे केस पिकलेले, मिशी भरघोस, आणि आवाज मात्र दहा-अकरा वर्षांच्या पोराचा. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो, तो यांचा फुटलाच नव्हता. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी "मॅडम नाही, सर" अशी दुरुस्ती करून पाहिली. पण मग पलीकडचा माणूस एक तर हसायचा, नाहीतर माफी मागत बसायचा, आणि पाण्याचं राहूनच जायचं. त्यांनी तो नाद सोडला. गढूळ पाणी, करंगळीएवढी धार, फुटलेला पाइप, काय असेल ते वहीत उतरवायचं आणि कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह कोणाच्या ओट्याखाली दडलाय हे फिटरला तोंडपाठ सांगायचं. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

कार्यालयाची एक नाटकमंडळी होती. दरवर्षी सगळ्या कार्यालयांची स्पर्धा व्हायची आणि तिच्यात हे लोक हिरिरीने हरायचे. तक्रारभाऊ या मंडळीचे प्रॉम्प्टर. बावीस वर्षं ते विंगेत स्टुलावर बसून, अडखळणाऱ्या नटाला पुढचं वाक्य कुजबुजत आले होते. हे काम त्यांनी मागून घेतलं होतं. कुजबुजताना सगळ्यांचा आवाज सारखाच असतो, हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

मंडळीतला मुख्य नट म्हणजे पंपमास्तर. धिप्पाड गडी, तीस वर्षं पंपांच्या घरघरीवर ओरडून ओरडून आवाज असा झालेला की साधं "चहा घेणार का?" विचारलं तरी समोरचा दचकायचा. तक्रारभाऊंना तोंडावर "ए मॅडम" म्हणणारा कार्यालयात तो एकटाच. बाकीचे पाठीमागे म्हणायचे.

त्या वर्षी नाटक बसवायचं काम नकाशेवालीकडे आलं. पाइपलाइनचे नकाशे काढणारी ही तिशीतली मुलगी दीड वर्षापूर्वी बदलून आली होती. बोलायची कमी, बघायची जास्त. पहिल्याच बैठकीला, मीटरच्या खोक्यांनी भरलेल्या स्टोअरमध्ये, सगळे पुरुष खोक्यांवर बसल्यावर ती म्हणाली, "या वर्षी तयार नाटक नको. मुलगा पुरुष कधी होतो, कोण करतं, यावर आपणच बसवू. प्रत्येकानं एकच सांगायचं. 'आता तू मोठा झालास' असं तुम्हाला पहिल्यांदा कोण म्हणालं, आणि तेव्हा काय चाललं होतं?"

सगळे एकमेकांकडे बघून हसले. मग स्टोअरकीपर खाकरला. म्हणाला, वडील गेले त्या दिवशी काका म्हणाले. तो नऊ वर्षांचा होता आणि खेळायला जाऊ का, असं विचारायला आला होता. फिटरला त्याची आई म्हणाली होती, बहिणीला सासरी सोडायला निघालेला तो रडायला लागला तेव्हा. पंपमास्तर म्हणाला, "मला बापानं पाण्याच्या टाकीत ढकललं. पोहायला यावं म्हणून. बाहेर आलो तेव्हा म्हणाला." आणि मोठ्यांदा हसला. त्या हसण्यात बाकी कोणी सामील झालं नाही.

नकाशेवाली कोपऱ्यात वळली. "भाऊ, तुम्ही?"

"मी प्रॉम्प्टर आहे, ताई."

"प्रॉम्प्टरलाही वडील असतात."

तक्रारभाऊंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग हळूहळू सांगायला लागले.

त्यांचे वडील भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. बोली लावणाऱ्यांच्या गर्दीत शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज हीच त्यांची मिळकत. मुलानं आपल्या जागी उभं राहावं, ही इच्छा. मुलगा चौदाचा झाला, बरोबरीच्या पोरांचे आवाज घोगरे झाले, याचा मात्र तसाच. औषधं झाली, काढे झाले. कोणीतरी सांगितलं, आवाज आत अडकलाय, ओरडून ओरडून बाहेर काढावा लागेल. मग रोज सकाळी, बाजार उघडायच्या आधी, वडील त्यांना बंद पडलेल्या दगडखाणीत नेऊ लागले.

"तिथं उभं करायचे. म्हणायचे, शंभरापर्यंत मोज. मोठ्यानं. ते एक म्हणायचे, मी एक म्हणायचो. त्यांचा आवाज खाणीतून घुमत यायचा, आणि मागोमाग माझा. चिमणीसारखा."

कोणीच हसलं नाही. फिटर हातातला नट-बोल्ट उगाचच फिरवत होता.

"चौदा दिवस गेलो. चौदाव्या दिवशी साठ-बासष्टला आलो आणि थुंकलो तर थुंकीत रक्त. मी पायानं माती लोटली त्याच्यावर. पण त्यांनी पाहिलं होतं. दगडावर बसले. मला जवळ बोलावलं, खांद्यावरच्या रुमालानं माझं तोंड पुसलं. म्हणाले, 'बास झालं. हा आवाज आपलाच आहे. घरी चल.' वाटेत म्हणाले, 'आता तू मोठा झालास.' पुन्हा कधी विषय काढला नाही."

 मग नकाशेवालीने वही मिटली. "हे नाटकात पाहिजे. आणि तो मुलगा तुम्हीच करायचा, भाऊ. दुसऱ्या कोणाला हा आवाज येणार नाही."

"लोक हसतील हो."

"हसतील," ती म्हणाली. "सुरुवातीला."

तक्रारभाऊ घरी आले तेव्हा बायको शिवणयंत्रावर बाही जोडत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तिने यंत्राचं पायडल थांबवलं.

"खाणीचं सांगितलंत? सगळ्यांना?"

"हो."

"मला सांगायला तुम्हाला लग्नानंतर सहा वर्षं लागली होती," ती म्हणाली, आणि सुई उचलून पुन्हा बाहीकडे वळली. पण डोळे तिच्या सुईवर नव्हते. दोऱ्याचा गुंता झाला, तो तिने दाताने तोडला.

त्यांचा एकुलता एक मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याचा आवाज तेराव्या वर्षीच फुटला होता, आणि कसा? आजोबांचा उचलून आणल्यासारखा, भारदस्त. ज्या दिवशी फुटला त्या दिवसापासून हा मुलगा घरात हळू बोलायला लागला. बायकोला वाटलं, वयच असं असतं. तक्रारभाऊंना कारण माहीत होतं. जिन्यात मित्रांशी फोनवर तो खदखदून हसायचा, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. बापाची चाहूल लागली की एकदम पुटपुटायला लागायचा. सहा वर्षं बापाच्या मनाला लागू नये म्हणून पोरगा स्वतःचा आवाज झाकत होता, आणि बापाला ते कळतंय हे पोराला कळू नये म्हणून बाप गप्प होता.

त्या संध्याकाळी जेवताना मुलगा पुटपुटला, "आई, भात."

"ऐकू आलं नाही," तक्रारभाऊ म्हणाले.

"भात म्हटलं, बाबा."

"अजून मोठ्यानं म्हण."

मुलाने मान वर करून पाहिलं. बापाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "भात पाहिजे!" तो म्हणाला, आणि फळीवरचं ताट खणखणल्यासारखं झालं.

"हां," तक्रारभाऊ म्हणाले. "तुझ्या आजोबांचा आवाज आहे हा. पोरा, तो माझ्यापासून लपवू नकोस. मला ऐकायला आवडतो." आणि मग ताटात बघत, "फार आवडतो."

 मुलाने भात दोनदा घेतला, आणि दोन्ही वेळा मोठ्याने मागून.

तालमी सुरू झाल्या. वडिलांचं काम पंपमास्तरकडे. ओरडायचा भाग त्याने पहिल्याच दिवशी असा केला की वरच्या मजल्यावरून साहेबांनी शिपाई पाठवला, काही फुटलंबिटलं का बघायला. घोडं अडलं ते पुढे. "बास झालं. घरी चल" हे हळू म्हणायचं होतं, आणि पंपमास्तरला हळू येतच नव्हतं. तो जीव तोडून हळू म्हणायचा, आणि ते हुकूम सोडल्यासारखं ऐकू यायचं. आठवडा गेला. नकाशेवाली हातावर कपाळ टेकून बसायची.

एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर तो जिन्याखालच्या खोलीत आला आणि दारातच उभा राहिला.

"तू ते विंगेतून कसं बोलतोस रे? आम्हाला ऐकू येतं, लोकांना येत नाही."

"बसा," तक्रारभाऊ म्हणाले. "श्वास आधी सोडून द्यायचा. छातीत भरून ठेवला की आवाज ढकलला जातो. आणि सगळ्यांशी बोलायचं नाही. एकाच माणसाच्या कानाशी बोलायचं."

मग रोज दुपारी अर्धा तास ते दोघे त्या खोलीत समोरासमोर बसून कुजबुजायला लागले. एकदा शिपाई फाइल घेऊन आला, दोघांना तसं बघून तसाच मागे फिरला, आणि कार्यालयभर झालं की बदल्यांची यादी फुटली.

"घरी करून बघितलं काल," पंपमास्तर एकदा म्हणाला. "बायकोला हळू म्हटलं, पाणी दे. तिनं कपाळाला हात लावून बघितला. ताप आलाय का म्हणून."

दोघेही पोट धरून हसले. हसून झाल्यावर तो टेबलाची कड नखाने खरवडत राहिला. "टाकीतून मी आपला आपण बाहेर आलो नव्हतो, भाऊ. पोहता येत नव्हतंच. रखवालदारानं केसाला धरून ओढलं. बाप काठावर होता. रखवालदाराला म्हणाला, कशाला काढलंस, शिकला असता." मग नख थांबवून, "वय काय माझं, सात."

तक्रारभाऊंनी त्याच्या हातावर हात ठेवला. फोन वाजला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने उचलला आणि तक्रार लिहून घेतली. पहिला हात होता तिथेच राहिला. पंपमास्तरने आपल्याला "भाऊ" म्हटलं हे त्यांच्या लक्षात आलं ते फोन ठेवल्यावर.

स्पर्धेच्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. नाट्यगृह निम्मं भरलेलं. नाटकाचं नाव होतं 'आता मोठा झालास'. स्टोअरकीपरचा प्रवेश झाला, फिटरचा झाला. मग तक्रारभाऊ आले. मिशी काढलेली, अर्धी चड्डी, पायांवर पिकलेली लव. ते दिसताच हशा आला. त्यांनी तोंड उघडून "एक!" म्हटलं आणि सगळं नाट्यगृह हसत सुटलं. मागून कोणीतरी किनऱ्या आवाजात नक्कलही केली.

विंगेत स्क्रिप्ट धरून उभ्या असलेल्या नकाशेवालीने पडद्याच्या दोरीकडे हात नेला. पण बावीस वर्षं विंगेत बसलेल्या माणसाला प्रेक्षकांचं हसणं किती वेळ टिकतं हे पक्कं माहीत असतं. ते थांबले. हसणं ओसरलं तसं म्हणाले, "दोन." मग तीन. पंपमास्तरचा आवाज गडगडत जायचा आणि मागोमाग हा. दहापर्यंत तुरळक खसखस होती. तीसला नव्हती. पन्नासच्या पुढे त्या आवाजाला चरे पडू लागले, आणि पुढच्या रांगेतली एक बाई पुटपुटली, "पुरे करा ना."

बासष्टला ते खाली वाकले आणि पायाने माती लोटली.

आता पंपमास्तरचं वाक्य. तो बोलेना. क्षण गेला, दोन गेले. विंगेतून नकाशेवालीने शब्द पुरवला, पुन्हा पुरवला. तक्रारभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं, हा विसरलेला नाही. त्याची नजर त्या लोटलेल्या मातीवर खिळली होती. त्यांनी त्याला हवा तेवढा वेळ दिला. शेवटी तो धिप्पाड माणूस गुडघ्यांवर बसला, खांद्यावरच्या रुमालाने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाला, "बास झालं. घरी चल."

इतकं हळू तो जन्मात बोलला नव्हता. शेवटच्या रांगेत बसलेल्या तक्रारभाऊंच्या बायकोला आणि मुलाला ते नीट ऐकू आलं.

त्यांना तिसरा क्रमांक मिळाला. मंडळीच्या मानाने हा पराक्रमच. आणखी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, एका शाळेकडून आणि एका कारखान्याकडून.

कारखान्यातला प्रयोग संपल्यावर तक्रारभाऊ अंगणातल्या नळावर तोंडाचा रंग धूत होते. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि बाजूला उभे राहिले. रंग पूर्ण निघेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"तुमचे वडील खरंच थांबले का?" त्यांनी विचारलं. "का नाटकात तसं लिहिलंय?"

"खरंच थांबले."

"चौदा दिवसांनी."

"हो."

म्हाताऱ्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझा मुलगा तोतरा बोलायचा. मी त्याला पाहुण्यांसमोर उभा करून गोष्ट सांगायला लावायचो. सुधारेल म्हणून. आठ वर्षं लावली. मला वाटायचं, मी त्याच्यासाठी करतोय."  "आता तो दूर असतो. फोनवर बोलतच नाही. दोन ओळी लिहून पाठवतो. बोलणं टाळतो माझ्याशी."

तक्रारभाऊंच्या जिभेवर दोन-तीन समजुतीची वाक्यं येऊन गेली. त्यांनी ती गिळून टाकली.

"मी काय सांगू आता त्याला?"

"मला माहीत नाही, काका," तक्रारभाऊ म्हणाले. "पण तुम्हीही लिहून पाठवा. हेच लिहा, आत्ता मला सांगितलंत ते. त्याला बोलायला लावू नका. लिहू दे."

 म्हाताऱ्यांनी खिशातून फोन काढला, लांब धरला, जवळ धरला. चष्मा घरीच राहिला होता.

"तुम्ही सांगा," तक्रारभाऊ ओले हात सदऱ्याला पुसत म्हणाले, "मी लिहितो."

दोघे नळाशेजारच्या कट्ट्यावर बसले. आत मंडळी सामान बांधत होती, पंपमास्तर कोणावर तरी नेहमीच्या आवाजात ओरडत होता. म्हातारे एकेक शब्द शोधून सांगत होते, आणि तक्रारभाऊ, रोज सकाळपासून लोकांच्या तक्रारी उतरवून घेतात त्याच सवयीने, एकही शब्द न बदलता लिहीत होते.