लाँग प्लेवर घेतलेली हळद

मेलिंग लिस्टवरच्या मंडळींनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

कोपरच्या एका कोळी घरातली हळद मी लाँग प्लेवर, म्हणजे टेप निम्म्या वेगाने फिरवून, शूट केलेली. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सहा तास बसतात, म्हणून स्वतःवर खूश होतो.

नवरीचा भाऊ बोटीवर नोकरीला, येऊ शकला नाही. बाप म्हणालेला, "त्याला कॅसेट धाडायची हाय. आयशीचं रडनं काप रं, पोर तिकडं एकटा हाय."

आज वागळे इस्टेटमध्ये एडिटिंगला बसलो. जिथे कापावं तिथे चित्र फाटतं. एडिटर उखडला, "अरे, कापायचं होतं तर स्टँडर्ड स्पीडवर घ्यायचं ना!"

उद्या कॅसेट नेणारा माणूस निघतोय. अख्खीच द्यावी लागेल. तिच्यात आई प्रत्येक गाण्याला दाराकडे बघते.

तुमचा मुलगा असता, तर पाठवली असती?