वरचा रुपया

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, कारण चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कुणाला दाखवायचं नाही. तरी भाऊजींबद्दल लिहायचं म्हणून हात धुऊन बसले आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांच्या खिशात कायम वाळू असे. कधी इंद्रायणीची, कधी पवनेची, कधी कुठल्या ओढ्याची. धुण्याआधी सदरा उलटा करून झटकावा लागे. तेवढ्यात ते धावत येत. "वहिनी, फेकू नका हं, ती चांगली आहे." मग कागदात पुडी बांधून माझ्याच मिठाच्या बरणीमागे ठेवत.

तळेगावच्या काचकारखान्यात ते रसायनांचं काम बघत. भट्टीवरचा सखाराम चिडवायचा, "भाऊ, लगीन करा आता. पर तुमी बायकूलाबी चाळणीत घालून बगाल."

"बघीन की. खडा निघाला तर तुझ्याकडे पाठवीन," भाऊजी म्हणत आणि स्वतःच आधी हसत.

सरबत दिलं तरी ते आधी पेला उजेडाकडे धरत. कारखान्याची काच हिरवट निघे, ती त्यांना बघवत नसे. आपल्याच वाळूची काच पांढरी कशी काढायची, हे त्यांनी खपून शोधलं, त्यावर निबंध लिहिला. कलकत्त्याला रसायनांच्या कारखानदारीची परिषद होती. तिथं तरुणांना बोलू देणार होते. भाऊजींना बोलावणं आलं, पण भाड्याला पैसे नव्हते.

मालक दादासाहेब लोणावळ्याच्या बंगल्यात राहत. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. पाहुण्यांसमोर भाऊजींना पाटावर बसवून कुंकू लावलं, नारळ दिला आणि वर एकशे एक रुपये. "आमचा मुलगा कलकत्ता गाजवणार!" म्हणाले. टाळ्या झाल्या. नारळ दिला, शंभरावर एक रुपया ठेवला, म्हणजे आहेरच. उसने पैसे असे कोण देतं?

भाऊजी परत आले ते नुसते बोलत होते. "वहिनी, माझं वाचून झाल्यावर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उठून जवळ आले. मला 'आपण' म्हणाले!" त्या गृहस्थांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत शिकायला बोलावलं होतं.

ही बातमी सांगायला ते लोणावळ्याला गेले आणि संध्याकाळी येऊन ओट्यावर बसले. चहा निवून गेला.

"दादासाहेब म्हणाले, आधी पैसे फेड. फिटेपर्यंत कारखाना सोडायचा नाही." मग म्हणाले, "वहिनी, त्यांनी नारळ दिला होता ना? मला आठवतं तसंच झालं होतं ना?"

"तसंच झालं होतं," मी म्हणाले.

पगारातून पैसे कापले जाऊ लागले. मध्येच सासूबाईंचं दुखणं आलं आणि फेड थांबली. कलकत्त्याची जागा दुसऱ्याला गेली. पांढरी काच मात्र कारखान्यात निघू लागली, आणि दादासाहेब पाहुण्यांना दाखवताना म्हणत, "ही आमची काच."

भाऊजी चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. हळूहळू सदरा झटकला तरी खिशातून काही पडेना. बरणीमागच्या पुड्या त्यांनी स्वतःच परसात ओतल्या. लढाई सुरू झाल्यावर देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकुनी मिळाली. तिथं रुजू होण्याआधी शेवटचे पैसे द्यायचे होते, पण लोणावळ्याची पायरी चढायला ते तयार होईनात.

मग मी गेले. परक्या पुरुषासमोर मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. पैसे पुढे ठेवले. दादासाहेबांनी मोजले आणि म्हणाले, "शंभर पुरे झाले."

मी पिशवीतून नारळ काढला, पदराची गाठ सोडून रुपया काढला.

ते हसले. "अहो बाई, वरचा रुपया राहू द्या. तो आहेराचा होता."

"मग खालचे शंभर कशाचे होते?"

मी नारळ त्यांच्यासमोर ठेवला, त्याच्याशेजारी रुपया ठेवला आणि पायरी उतरले. पैसे पुरते फिटले.