लाखाला एकवीसनं भाग जात नाही

जगातली कुठलीही मोठी संख्या आमच्या थोरल्या वन्संच्या, म्हणजे ह्यांच्या बहिणीच्या, तावडीतून धडपणे सुटलेली नाही. सांगलीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, तरी हौस फिटली नाही. कुणाचा मोबाइल नंबर मिळाला की आपण तो साठवून ठेवतो. वन्सं आधी आकड्यांची बेरीज करून त्याला तीननं भाग जातो का बघतात. भाग कशानंच जाईना, मूळ संख्या निघाली, की चेहरा असा खुलतो की घरात बारसं आहे असं वाटावं. मी साताऱ्याहून नवी नवरी होऊन आले तेव्हा म्हणाल्या, "तीन आकडी संख्या दोनदा सलग लिही. आता सातनं भाग, मग अकरानं, मग तेरानं." मी ३४७३४७ लिहिलं होतं. शेवटी ३४७ च उरले, बाकी शून्य. मॅट्रिकला पहिला वर्ग मिळवलेली मी शहाणी, माजघरात जाऊन गुपचूप स्वतःवरून मीठमोहऱ्या उतरवून आले. बाईला करणी येते अशी माझी खात्रीच झाली होती.

त्याच वन्संच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी गणपतीला दूर्वांची लाखोली बोलले. लाख दूर्वा, एकवीस-एकवीसच्या जुड्या. सांगलीत त्यांच्याच ओसरीवर गल्लीतल्या बायका जमवल्या. देवधर्म न मानणाऱ्या वन्सं खुर्चीत बसून बघत होत्या.

"अगं, लाखात नुसते दोन आणि पाच भरलेत. एकवीसला तीन आणि सात लागतात. शेवटची जुडी एकोणीसचीच होणार."

"देव काय मोजत बसलाय?"

"तो नसेल. मी बसलेय."

मळ्यातून दूर्वांचे भारे आणणारी शेवंता म्हणाली, "आवं आक्का, गवात हाय त्ये. तुमी आपलं गप पडून ऱ्हावा."

"वय एकोणऐंशी आहे माझं," वन्सं म्हणाल्या. "त्याला कशानंच भाग जात नाही. डॉक्टरच्या सुरीनं काय जाणार?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या दवाखान्यात दाखल झाल्या आणि इकडे शेवटच्या जुडीला खरंच एकोणीस दूर्वा उरल्या. ती जुडी तशीच घेऊन मी त्यांच्याकडे गेले. वाटलं, जिंकल्याच्या आनंदात तरी हसतील. त्यांनी बोटानं एकेक पातं मोजलं.

"दोन कमी," म्हणाल्या. "खाली दारात गणपती आहे ना, त्याच्या हारातल्या दोन काढून आण."

"त्याच्याच चोरून त्यालाच?"

"हातचे घेतले म्हणायचं. अपुरी नको पाठवूस गं."

मी आणल्या. दोरा त्यांनी स्वतः बांधला. गणपतीला एक लाख दोन पोचल्या.

ऑपरेशन नीट झालं. वन्सं घरी आल्या, आणि परवा त्यांना ऐंशी पूर्ण झाली. ऐंशीला दोननं भाग जातो, चारनं जातो, पाचनं, आठनं, दहानं, सोळानंसुद्धा जातो. एवढं गणित आता मलाही येतं. म्हणून चतुर्थीला जुडी बांधताना दोन दूर्वा जास्त घालते. तेवीसला कशानंच भाग जात नाही.