दाजींचं वजन आणि गावाची सुकडी

आमच्या दाजींइतका जाड माणूस भूम तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका कमी खाणाराही नाही. पहिल्या गोष्टीला अख्खा तालुका साक्षीदार होता, दुसरीला फक्त माझी ताई. दाजी म्हणजे ताईचे यजमान, ईटजवळच्या एका गावात सोसायटीचे चेअरमन. ते बैलगाडीत बसले की गाडीवान मुकाट्यानं जुवाकडं सरके. खुर्चीत बसण्याआधी ते तिला हलवून तिच्या प्रकृतीची चौकशी करत. कुणी हसलंच, तर त्याच्याआधी स्वतः हसत.

बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर सुकडी वाटायचं सोसायटीकडं आलं. गव्हाची, गुळाची ती सुकडी म्हणजे मजुरांचा मोठा आधार. सगळं गाव वाळत चाललेलं आणि वाटपाला उभे आमचे दाजी. "सुकडी कुठं मुरतीया, दिसतंय की," असं कुणीतरी बोललं. तेवढ्यावर दाजींचं हसणं थांबलं. त्यांनी भाकरी अर्ध्यावर आणली आणि दर बाजारच्या दिवशी पोती तोलायच्या काट्यावर चारचौघांत उभे राहू लागले. सुरुवातीला वजन भराभर उतरलं, तसा गावाचा राग निवळला. मग काटा अडला. अर्धीची चतकोर झाली, तरी हलेना. दाजींना भर उन्हात थंडी वाजू लागली. घोंगडी पांघरून ते वाटप करत, आणि भूक अशी की कडब्याच्या पेंडीकडंही प्रेमानं बघत. गाव म्हणालं, चोरून खातोय.

भूमच्या डॉक्टरांनी समजावलं, की खाणं तुटलं की अंगातले हार्मोन सावध होतात, जळण जपून वापरतात आणि भूक वाढवून ठेवतात. दाजींनी हे कामावर आपल्या भाषेत जाहीर केलं. "माझ्या अंगानं दुष्काळ धरलाय. ते रेशनवर चालू हाय." ऐकणारे खाली बघून हसले. ताई त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्याच वाटपाला दाजींना चक्कर आली आणि ते सुकडीच्या पोत्याला टेकून खाली बसले. खडी फोडणारी एक म्हातारी आपल्या वाट्याची सुकडी घेऊन आली.

"खावा, चेअरमन."

"न्हाय. ती तुमची हाय."

"माझी हाय म्हणूनच देतीया."

दाजींनी घास घेतला, चावला आणि तोंड भरलेलं असतानाच नवलानं विचारलं, "एवढी गोड असती व्हय ही?"

रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. त्यानंतर दाजींना काट्यावर कुणी चढू दिलं नाही.

पाऊस आला तसं वजनही परत आलं, येताना थोडं जास्तच घेऊन आलं. डॉक्टर म्हणाले, शरीर उपास विसरत नाही. दाजीही विसरले नाहीत. पुढं कुठल्याही पंगतीत पानात लाडू पडला की ते आधी विचारत, "समद्यांना पोचला का?" आता दाजी नाहीत. पंगती होतात, लाडूही भरपूर असतात, पण तसं कुणी विचारत नाही, आणि मला त्यांची फार आठवण येते.