तुमचं बी आम्ही खाल्लं

नोकरी गेली त्या आठवड्यात मला चार जणींनी शिलाई मशीन घ्यायला सांगितलं. पाचवीनं पापड सुचवले. सहावीनं वजन उतरवायची पावडर विक म्हणून सांगितलं आणि सांगता सांगता मला वरून खालपर्यंत असं न्याहाळलं, की ही मला विकायला सांगतेय का घ्यायला, तेच कळेना. तीर्थपुरीहून भावाचा फोन आला, "ताई, गेली ते बरंच झालं. आता निवांत आराम कर." आराम! बाईची नोकरी गेली की लोकांना वाटतं हिची रजा मंजूर झाली. उद्या याचं दुकान बंद पडलं आणि मी म्हणले, की बाबा आता आराम कर, तर चालेल का याला? खेटर काढील माझ्यावर.

मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत पंधरा वर्षं होते, उगवण तपासायच्या लॅबमध्ये. बदनापूरहून रोज जाऊन-येऊन. काम सांगायला सोपं होतं. बी आलं की शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करून ठेवायची आणि ठरल्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं. एकेका नमुन्याच्या अशा चार गुंडाळ्या. सोपं सांगायला. दिवसभर मान खाली घालून पांढरे कोंब मोजून बघा, मग कळतं.

कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली आणि लॅब हैदराबादला चालली. साहेब म्हणाले, "मॅडम, येताय का हैदराबादला?" माझा नवरा बदनापूरच्या शाळेत मास्तर, सासू माझ्यापाशी, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर विचारलं. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. जिच्यापाशी आता वेळच वेळ उरलाय तिला घड्याळ! असलं काही सुचायलाही डोकं लागतं.

पण या सगळ्यांवर कडी केली ती आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. त्याच महिन्यात त्यांचं कसलंसं प्रशिक्षण झालं होतं. तिथून ते एक मोठा चार्ट पेपर घेऊन आले आणि फ्रिजवर चिकटवला. वर स्केचपेननं लिहिलं, 'माझी ध्येये'. माझी म्हणजे माझी, त्यांची न्हाई. खाली चौकटी आखल्या. मी भाजी चिरत होते.

"अगं, ध्येय कसं पाहिजे सांग."

"कसं?"

"मोजता येईल असं पाहिजे."

मी विळी बाजूला ठेवली. पंधरा वर्षं मोजण्यातच गेली माझी, आणि हा माणूस मला मोजणं शिकवतोय! पहिल्या चौकटीत त्यांनी लिहिलं योगासनं, दुसरीत इंग्रजी संभाषण, तिसरीत सकारात्मक विचार. मी म्हणले, "अहो, हा तिसरा कसा मोजायचा? पाचव्या दिवशी का सातव्या?" तर म्हणे, "बघ, तू लगेच चिडून राह्यलीस." योगासनं मी तीन दिवस केली, चौथ्या दिवशी पाठ धरली. इंग्रजीचं तर विचारूच नका. मोबाईलमधली ती पोरगी मला रोज विचारायची, हाऊ आर यू, आणि मी खरं सांगितलं असतं तर तिनं मोबाईल बंद केला असता.

शेवटी एक दिवस मी तो चार्ट काढला, उलटा केला, मागं एकच ओळ लिहिली आणि परत लावला: 'या पेरणीच्या आधी एका तरी शेतकऱ्यानं माझ्या आकड्यावर भरवसा ठेवून बी पेरावं, न्हाई तर टाकून द्यावं.'

आमच्या भागात बरेच जण घरचंच बी राखून ठेवतात. सोयाबीन, मूग, उडीद. उगवलं तर उगवलं, न्हाई तर दुबार पेरणी. पेरायच्या आधी तपासून घ्यावं हे सगळ्यांना माहीत असतं, करायचं मात्र राहून जातं. मी म्हणले, मी करून देते. शाळेतून, दुकानातून, सासूबाईंच्या विहारातल्या बायकांतून सगळीकडं निरोप पोहोचवला. लोक आलेही. आले आणि दारात उभं राहून विचारायचे, "सर हायत का?" बी आणलंय तपासायला, तपासणार मी, आणि यांना सर पाहिजेत! आमचे सर मराठी अन् इतिहास शिकवतात. त्यांना मूग आणि उडीद टरफलासकट ओळखू येतात एवढंच. पण माणूस आला की हे खुर्ची ओढून बसायचे, दाणे तळहातावर घ्यायचे आणि मान हलवायचे. लोकांना ती मान पुरायची. 'बेस हाय म्हणले सर' असं म्हणत, बी न ठेवताच निघून जायचे. तीन जण असे गेले. मी आत भांडी आपटत होते.

चौथा आला तो रुमालात मूग बांधून. साठीचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा. त्यानंही सर हायत का म्हणून विचारलं, पण त्या दिवशी सर नव्हते, देव पावला. मी रुमाल सोडला. दाणा टपोरा, हिरवागार, दिसायला एक नंबर.

"कुठून घेतलं हे?"

"घरचंच हाय. पोत्यातलं."

"वरचं वरचं घेतलं का?"

"मंग काय पोतं उपडं करू?"

"करा. वरचं, मधलं, बुडाचं, सगळ्या पोत्यांतलं घ्या, मिसळा, अन् मग आणा. वरचं बी चांगलंच असतं. पाहुण्याला चांगल्याच खोलीत बसवतात."

त्यानं रुमालाला परत गाठ मारली. "गेल्या साली तोडणीत शेंगा भिजल्या व्हत्या," एवढंच बोलला आणि रुमाल घेऊन गेला. गेला तो गेला, असं मी धरून चालले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला, सगळं मिसळून आणलेलं बी घेऊन. मला एवढा आनंद झाला की मी त्याला चहाही विचारायला विसरले.

लॅबचा कागद माझ्यापाशी नव्हता. आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, एका विरलेल्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, उकळून घेतल्या, ओल्या केल्या. शंभर शंभर दाणे मांडून चार गुंडाळ्या केल्या आणि माठाच्या मागं गारव्याला ठेवल्या. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, सातव्या दिवशी शेवटची. त्याला म्हणले, आठ दिवसांनी या. घरात सगळ्यांना सांगितलं, हात लावू नका. म्हणजे, मला वाटतं सांगितलं. आत्या म्हणतात, मला कुणी न्हाई सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी जालन्याला गेल्ते. खतं-बियाणं विकणाऱ्या एका दुकानदारानं कामासाठी बोलावलं होतं. काम काय, तर गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं आणि गोड बोलायचं. म्हणला, "मॅडम, तुमचा चेहरा जरा रागीट वाटतो." मी म्हणले, वाटतो न्हाई, हाय. आणि उठून आले. घरी आले तेव्हा भुकेनं जीव चाललेला. आत्यांनी ताट वाढलं, भाकरी आणि मटकीची उसळ. दोन घास झाले, तिसऱ्या घासाला हातात हिरवं काहीतरी आलं. मटकी तपकिरी. हे हिरवं.

"आत्या, ह्यात मूग कुठून आले?"

"तूच तर माठामागं मोड आणायला ठेवल्ते की! फडक्यात. झकास आल्ते बघ मोड. माझी मटकी कमी पडून राह्यली होती, म्हणलं घालावेत."

माझा घास तोंडातच राहिला. आमच्या घरी मोड आणायला कडधान्य ओल्या फडक्यातच बांधतात, माठाच्या मागंच ठेवतात, आणि तेही त्याच लुगड्याच्या फडक्यात. तिसऱ्या दिवशी मोड कसे उसळीजोगे असतात हे मला शिकवलं तेही आत्यांनीच. त्यांची चूक म्हणावी तर कुठं म्हणावी? तरी मी ओरडले.

"चारी गुंडाळ्या सोडल्या?"

"चारी. मूठभरच तर निघाले."

"अन् मोड न आलेले?"

"ते निवडून कोंबड्यांना टाकले. दातात खडे घालायचे का?"

"किती होते ते?"

"आता मी काय कोंबड्यांपुढं मोजत बसू व्हय?"

माझं डोकं सणकलं. मी ताट सारलं. आत्याही चिडल्या. "तुझ्याच नवऱ्याच्या ताटात वाढलं ना! कुणा परक्याला तर न्हाई घातलं!" त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. नवरा समोर बसून वाटी पुसून घेत होता.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं," सर म्हणाले. "सांगून टाक पंचाऐंशी. दाणा चांगला होता. तुला तर नुसतं बघून कळतं."

लाज वाटते सांगायला, पण ते बोलणं मला पटलं होतं. तोंडावर मी त्यांना फाडफाड बोलले, पण मनात पंचाऐंशीचा आकडा जाऊन बसला. कारण हे मी आधी केलेलं होतं. कंपनीत एखादा नमुना काठावर आला, की साहेब हसून म्हणायचे, "मॅडम, जरा वर सरकवा की." आणि मी दोन-तीन दाण्यांनी सरकवायचे. ते बी कुठल्या गावाला जातं, कुणाच्या रानात पडतं, मला कधी दिसलं न्हाई. हा माणूस मात्र पोती उपडी करून, मी सांगितलं तसं बी मिसळून घेऊन आल्ता. त्याला मी कोंबड्यांच्या पोटातला आकडा सांगणार होते.

सकाळी उठून त्याला फोन लावला आणि घरी या म्हणले. तो दुपारी आला. नेमके सरही घरी होते. मी त्याला पाणी दिलं आणि म्हणले, "दादा, तुमचं बी आम्ही खाल्लं."

तो सरांकडं बघायला लागला. सरांनी पेपर तोंडासमोर धरला.

"खाल्लं म्हणजे?"

"उसळ केली. मटकीत घालून. चुकून झालं, पण झालं. किती उगवलं ते मला सांगता येणार न्हाई. अंदाज सांगू शकते, पण अंदाज मी सांगणार न्हाई."

"बाई, पेरणी तोंडावर आली अन् तुम्ही थट्टा करून राह्यल्या," तो म्हणाला आणि तरातरा निघून गेला. त्याचं काही चुकलं असं मला वाटत न्हाई. मी असते तर माठ फोडून गेले असते. सर पेपराआडून म्हणाले, "बघ, सांगायचंस पंचाऐंशी." त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं न्हाई. उसळ उरली होती, ती खा म्हणले.

दोन दिवसांनी दारात मोटारसायकल थांबली. तोच. ओट्यावर रुमाल आपटला आणि म्हणाला, "ह्या बारीला कुलूप लावा."

लावलं. गुंडाळ्या ताटात घालून लोखंडी कपाटात ठेवल्या आणि किल्ली कमरेला खोचली. रोज सकाळी उघडून पाणी शिंपडायचं, परत कुलूप. आत्यांनी तो आठवडाभर घरात कसलंच कडधान्य भिजवलं न्हाई आणि माझ्याशी बोलल्याही न्हाईत. सर दोनदा म्हणाले, काय तिजोरी करून ठेवलीय घराची. मी कमरेची किल्ली चाचपली. सातव्या दिवशी मी ओट्यावर चटई टाकून मोजायला बसले. एकदा मोजलं, मग परत मोजलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. त्रेपन्न, एकोणपन्नास, एक्कावन्न, सत्तेचाळीस. एवढा टपोरा दाणा, आणि निम्मा मेलेला. शेंगेतच भिजून गेला होता.

या माणसाचं बी आम्ही एकदा खाल्लं, पेरणीआधीचे दिवस घालवले, आणि आता त्याला सांगायचं की तुझी सगळी पोती पेरायच्या कामाची न्हाईत. आता हा काय म्हणणार? बाईनं आधी खाल्लं, आता नासकं म्हणते. गावभर सांगणार, आणि पुन्हा कुणी माझ्या दारात उभं राहणार न्हाई.

तो आला. ओट्यावर बसला. मी चारी गुंडाळ्या त्याच्यापुढं उलगडल्या आणि आकडे सांगितले. "शंभरात पन्नास. पेरू नका." सर आतून म्हणाले, "जरा दाट पेरलं तर..." मी नुसतं वळून बघितलं, तेव्हा गप्प झाले.

तो फडक्यावरच्या त्या कोंब न आलेल्या दाण्यांवर वाकला. एक उचलला, नखानं दाबला. त्याच्या घरचं बी होतं ते, बापापासून राखलेलं.

"बराबर मोजलं?"

"तीनदा."

"तसं न्हाई इचारलं," तो म्हणाला. "खाल्लं तव्हा खाल्लं म्हणल्या तुम्ही. तोंड लपवलं न्हाई. आता न्हाई उगवत म्हणता, तर मंग न्हाईच उगवत. मोंढ्यातल्या दुकानातनं नवं घेतो. ह्याची डाळ करून टाकतो." आणि रुमाल झटकून, सरांना न विचारता, पायऱ्या उतरून गेला.

मी आत आले, पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडले. आत्या आठवड्यात पहिल्यांदा बोलल्या, "आता काय झालं रडायला? ह्या बारीला तर कुणी काही खाल्लं न्हाई!"