आधी घाटा बोला

नाना वाईट बातमी चहाच्या आधी सांगत. आमच्या कापडगिरणीचे ते सेक्रेटरी, मी त्यांच्या हाताखालचा अकाउंटंट. शेठजींनी हिशेब विचारला की मी गोड गोड आकड्यांपासून सुरुवात करी. नाना मधेच आमच्या इकडच्या हिंदी वळणानं म्हणत, "अरे भिया, आधी घाटा बोला. नफा काय पळून जातोय का?" शेठजी हसत आणि माझा जळफळाट होई. ती खुर्ची खरं तर माझी होती, असं मला तेव्हा वाटे. नाना गेले त्याला वर्षं झाली, तरी वाटतंच.

मध्यभारताचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. एका साली बोनस कमी बसला. नाना गेटपाशी स्टुलावर उभे राहिले आणि मजुरांना म्हणाले, "रुई महँगी मैंने खरीदी. गलती मेरी है." हेच मी बोललो असतो तर दगड आले असते. यांना मजुरांवरच्या एका जॉबरनं चहा आणून दिला! घरी सांगितलं, तर आमची ही म्हणते, "नानाभावजी आहेतच तसे." त्या दिवाळीत चिवड्याचा पहिला डबा त्यांच्याकडे गेला. मला उरलासुरला चुरा.

पुढच्या साली माल पडून राहिला. भागधारकांना तर नफा दाखवायचा होता. शेठजींनी युक्ती काढली: न खपलेल्या कापडाच्या गाठी मेव्हण्याच्या सियागंजातल्या गोदामात हलवायच्या, ताळेबंदात विकल्या म्हणून दाखवायच्या आणि दिवाळी उलटली की गुपचूप परत आणायच्या. नाना म्हणाले, "शेठजी, हा माल विकलेला नाही, फिरायला गेलाय. मी सही करणार नाही." टोपी उचलून ते निघाले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खुर्ची चांगली आहे हो. फक्त डावा पाय जरा हलतो."

शेठजी मला म्हणाले, "सही करा, खुर्ची तुमची." जिच्यासाठी इतकी वर्षं जळलो, ती समोर! मी पेन उघडलं. तेवढ्यात डोळ्यांपुढे आमची ही आली, तो जॉबर आला, सगळे म्हणत होते, "गिरणीत खरा माणूस एकच, नाना." ते काही मला सोसेना. सचोटी कसली हो, निव्वळ मत्सर! "मीही नाही करत," म्हटलं आणि नोकरीवर पाणी सोडून घरी आलो.

दारातच सगळं सांगितलं. हिचे डोळे भरून आले. तिनं देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, "लागला बाई एकदाचा नानाभावजींचा गुण!"

नाना, एवढं एक तरी माझ्या नावावर राहू द्यायचं होतं हो!